नऊ खोल्यांचं हॉटेल आणि पाहुण्यांची वही: सीआरएम नवीन माणसाने सुरू कसं करायचं

तिसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला सोमवारी सुरमई वाढली, तिथून सुरुवात करतो. ठाण्याचे काका-काकू, दोघं रिटायर्ड, स्वभावाने शांत. काकांनी ताट जरासं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "अहो, मागच्या दोन्ही वेळेला सांगितलं होतं, मी सोमवार पाळतो." चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी ते तारकर्लीला आले पण बाजूच्याकडे उतरले, सकाळी किनाऱ्यावर फिरताना समोरासमोर आलो, दोघंही ओळखीचं हसलो आणि आपापल्या वाटेने गेलो.

गंमत म्हणजे मी त्याआधी सहा वर्षं मुंबईत एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला होतो. तिथे पाहुण्याला उशी कुठली लागते, पेपर कुठला लागतो, लिफ्टजवळची खोली नको, हे सगळं कॉम्प्युटरवर यायचं. आणि स्वतःचं नऊ खोल्यांचं काढलं तेव्हा वाटलं, एवढ्याशा जागेला कसलं आलंय सीआरएम, सगळं डोक्यात राहतं की. नाही राहत. मे महिन्यात तर काल कोण आलं ते आज राहत नाही.

सीआरएम म्हणजे कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट, नाव ऐकून घाबरू नका, काम एवढंच की पाहुण्याने एकदा सांगितलेलं त्याला परत सांगायला लागू नये, आणि तो गेल्यावर आपण त्याला, त्याने आपल्याला विसरू नये. खाली लिहिलंय ते लॉज, होमस्टे, निवास-न्याहरी योजनेतली दोन-चार खोल्यांची घरं, वीस-पंचवीस खोल्यांपर्यंतची हॉटेलं, यांच्यासाठी. त्याच्यापुढे गेलात की माणूसच ठेवायला लागतो त्या कामाला.

पायरी १: सॉफ्टवेअर नंतर, आधी वही

नवीन माणूस पहिली चूक हीच करतो, सॉफ्टवेअरचा डेमो बघतो, वर्षाचे पैसे भरतो आणि त्यात फक्त नाव आणि नंबर टाकतो. तेवढं तर पोलिसांसाठी ठेवतो त्या रजिस्टरमध्ये पण असतं.

साधं गूगल शीट उघडा, किंवा खरोखर कागदाची वही घ्या, पहिले सहा महिने तेवढं पुरतं. एका पाहुण्याला एक ओळ. आणि ओळख पटवायला नाव नाही, मोबाईल नंबर धरायचा, हे फार महत्त्वाचं आहे कारण नाव प्रत्येक जण वेगळं लिहितो, आमच्याकडे एकच कुलकर्णी साहेब तीन वेळा होते, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, एकदा बायकोच्या नावाने बुकिंग, आणि आम्ही समजत होतो की तीन वेगळे पाहुणे आहेत.

रकाने किती ठेवायचे? मी सुरुवातीला बावीस केले होते, भरले कोणीच नाहीत. आता हे आहेत: नंबर, नाव, गाव, कोणाबरोबर येतात (फॅमिली, मित्र, ऑफिस), आत्तापर्यंतच्या तारखा आणि खोली नंबर, बुकिंग कुठून आलं, जेवण, आणि एक मोकळा रकाना.

जेवणाचा रकाना आपल्या भागात सगळ्यात जास्त कमाई करून देतो असं माझं ठाम मत आहे. परदेशी पुस्तकी यादीत फक्त व्हेज-नॉनव्हेज असतं. आपल्याकडे माणूस नॉनव्हेज असतो पण सोमवारी नसतो, किंवा गुरुवारी नसतो, संकष्टीला नसतो, श्रावणात घरातले अर्धे नसतात, मार्गशीर्षातले गुरुवार काकूंचे असतात आणि काका मात्र दाबून खातात. जैन पाहुणा असेल तर कांदा-लसूण-बटाटा नाही, आणि काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणजे संध्याकाळी सहाला ताट तयार पाहिजे. लहान मुलाला आमचं मालवणी वाटप तिखट लागतं, त्याला वेगळी डाळ लागते. एवढं सगळं 'नॉनव्हेज' या एका शब्दात कसं मावेल? त्यामुळे रकान्यात वाक्य लिहा. "काका सोमवार, काकू गुरुवार, मुलगी अंडं पण नाही, सोलकढी सगळ्यांना आवडते."

मोकळ्या रकान्यात काय लिहायचं तर पुढच्या वेळी उपयोगी पडेल तेच. "गुडघे दुखतात, खालची खोली." "पहाटे पाचला चहा लागतो." "मुलगा बोटीत घाबरतो." त्यांचा जावई काय करतो आणि फ्लॅट कुठे घेतला हे नको, ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

पायरी २: नंबर तुमच्याकडे आहे का ते बघा

आता इथे जरा हिशोब करू. ऑनलाइन ट्रॅव्हल साइटवरून बुकिंग आलं की कमिशन जातं, करारानुसार साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. समजा २० टक्के धरलं, खोली ३,००० ची, दोन रात्री, म्हणजे ६,००० चं बुकिंग. कमिशन १,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी २१६, गेले १,४१६ रुपये. आणि सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी झाला पण इनपुट क्रेडिट नाही (म्हणजे आपण खर्चावर भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही), त्यामुळे ते २१६ पण खिशातलेच.

मी साइटच्या विरोधात नाहीये. पहिल्यांदा येणारा पाहुणा तिथूनच येतो, त्याला आपण माहीतच नसतो, तेव्हा ते १,४१६ म्हणजे जाहिरातीचा खर्च समजा. पण तोच माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पण तिथूनच आला तर ते पैसे आपण आपल्या आळसाचे भरतोय.

गोची अशी की काही साइट पाहुण्याचा खरा ईमेल देतच नाहीत, मधला एक तात्पुरता पत्ता देतात, बुकिंग डॉट कॉमवर बघा तसंच आहे. म्हणजे पाहुणा दोन दिवस तुमच्या घरी राहून गेला तरी तो तुमचा झालेला नसतो. म्हणून चेक-इनच्या वेळी कार्डावर नंबर त्याच्या हाताने लिहून घ्या आणि तोंडाने विचारा, "सीझनच्या आधी एखादा मेसेज केला तर चालेल ना?" हो म्हणाले तर कार्डावरच्या चौकोनात टिक करून घ्या, नाही म्हणाले तर विषय संपला. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्येच झालाय, विचारल्याशिवाय जाहिरातीचे मेसेज पाठवणं हे आता नुसतं वाईट दिसणं राहिलेलं नाही.

साइटवरून आलेलं चालू बुकिंग रद्द करायला लावून डायरेक्ट घेऊ नका हां. करारात ते चालत नाही आणि पाहुण्यालाही कळतं की हा माणूस कसा आहे. पुढच्या वेळेसाठी बोला.

पायरी ३: यायच्या दोन दिवस आधी एक मेसेज

एकच. त्यात तीन प्रश्न. मी असा पाठवतो:

"नमस्कार, शनिवारी तुमची वाट बघतोय. कशाने येताय, ट्रेन असेल तर कुठली? जेवणात कोणाचा वार किंवा पथ्य आहे का? सोबत वयस्कर किंवा लहान मुलं असतील तर कळवा, खोली त्याप्रमाणे ठेवतो."

ट्रेन का विचारायची ते सांगतो. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येला बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरतो, रिक्षा करून नऊ-साडेनऊला तुमच्या दारात उभा, रात्रभर झोप नाही, मूल रडतंय, आणि आपला चेक-इन बारा वाजता. इथे "बारा वाजता या" म्हटलं की पुढचे दोन दिवस काहीही करा, तो माणूस खूश होत नाही. खोली रिकामी असेल तर द्या, नसेल तर एक बाथरूम, चहा आणि घावणे-चटणी तयार ठेवा, आणि हे आदल्या दिवशीच मेसेजवर सांगून टाका. माझ्या अनुभवात चांगल्या रिव्ह्यूपैकी अर्धे तर या सकाळच्या चहाचेच आहेत. गाडीने येणाऱ्याला मात्र रस्ता आणि पार्किंग सांगा, आणि मॅपवरचा पिन बरोबर आहे का ते स्वतः एकदा जाऊन बघा, आमचा पिन वर्षभर माडाच्या बागेत होता.

परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती आधीच मागून ठेवा, २४ तासांत सरकारी पोर्टलवर नोंद करायची असते (सगळे त्याला अजून सी-फॉर्मच म्हणतात), रात्री दहाला नेट गेलेलं असताना त्याच्या मागे लागायला नको.

पायरी ४: संध्याकाळची पाच मिनिटं

हा सगळ्यात छोटा भाग आहे आणि माझ्या मते हेच खरं सीआरएम आहे, बाकी सगळं याच्यासाठी. लिहिणारे खूप असतात, वाचणारा कोणी नसतो. सोमवारची सुरमई झाली तेव्हा काकांचा वार लिहिलेला होता हो! माझ्याच अक्षरात. पण स्वयंपाकघरातल्या मावशींना तो कोणी सांगितलाच नव्हता.

रोज संध्याकाळी सातला उद्या येणाऱ्यांची नावं काढायची, वहीतल्या ओळी मोठ्याने वाचायच्या. समोर स्वयंपाकवाल्या मावशी, खोल्या करणारा मुलगा आणि काउंटरला जो असेल तो. पाच मिनिटं, त्याच्या वर नाही. मावशी वाचत नाहीत, त्या ऐकतात आणि त्यांच्या लक्षात राहतं, आमच्या मावशी तर आता मलाच विचारतात, "त्या पाच नंबरवाल्यांका तिखट नको ना?" मोठ्या हॉटेलात याला सकाळचं ब्रीफिंग म्हणतात, तिथे सगळे रांगेत उभे असतात, आमच्याकडे मावशी नारळ खवत असतात, चालतंय.

गणपतीत काळजी घ्या. सगळा स्टाफ आपापल्या घरी असतो, बदली माणसं येतात, त्यांना यातलं काही माहीत नसतं. त्या दिवसांत वाचायचं काम मालकाने स्वतः करायचं.

पायरी ५: मुक्कामात काही बिघडलं तर

बिघडणारच. गिझर चालत नाही, लाईट जाते, पावसाळ्यात गादीला कुबट वास येतो, एसीतून पाणी गळतं. तक्रार आली की क्रम ठरवून टाका: आधी ऐकायचं, मग किती वेळात होईल ते खरं सांगायचं, मग करायचं, आणि झाल्यावर परत जाऊन विचारायचं. चौथं कोणी करत नाही. पाहुणा समजून जातो की याने प्लंबर पाठवला आणि विसरला.

रिट्झ-कार्लटनमध्ये म्हणे कुठल्याही कर्मचाऱ्याला एका पाहुण्याचा प्रश्न सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, हे हॉटेल शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी सांगतात. आपलं गणित वेगळं आहे पण तत्त्व घ्यायला हरकत नाही, मी काउंटरच्या मुलाला ५०० रुपयांपर्यंत मला न विचारता सोडायचा अधिकार दिलाय. नाश्ता फ्री कर, किल्ल्यावर जायच्या बोटीचे पैसे दे, उशिरा चेक-आउट दे. पूर्ण सीझनमध्ये त्याने हा अधिकार मोजून काही वेळाच वापरला, मुलं आपल्यापेक्षा कंजूष असतात. पण "मालकाला विचारून सांगतो" हे वाक्य बंद झालं.

आणि झालेली तक्रार वहीत लिहा, काय केलं ते पण. तो पाहुणा परत आला तर त्याच खोलीत त्याच गिझरसकट टाकू नका, बस.

पायरी ६: जाताना आणि गेल्यानंतर

बिल देताना रिव्ह्यू मागू नका, तेव्हा त्याचं लक्ष बॅगा आणि ट्रेनकडे असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज, "नीट पोचलात ना?" त्याला उत्तर आलं की मग गूगलची रिव्ह्यूची लिंक. आधी लिंक पाठवली तर ते कंपनीसारखं वाटतं. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट कबूल करू नका, गूगलच्या नियमात बसत नाही.

वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना एक रात्र मध्ये जाऊ द्या. मी एकदा रात्री साडेअकराला उत्तर दिलं होतं, अजून लाज वाटते. उत्तर तो लिहिणारा वाचतो की नाही माहीत नाही, पण पुढचे शंभर जण वाचतात, त्यांच्यासाठी लिहायचं: काय चुकलं, काय दुरुस्त केलं, दोन-तीन ओळी.

पायरी ७: परत बोलावणं

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं साधं अ‍ॅप फुकट आहे, लहान हॉटेलला तेवढं बास. त्यात लेबल लावता येतात, मी चारच ठेवलीत: परत येणारे, शाळेच्या सुट्टीवाले, स्कूबावाले, जत्रेवाले. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून चेक-इनला वायफायचा पासवर्ड मी व्हॉट्सअ‍ॅपवरच देतो आणि सांगतो की नंबर सेव्ह करून ठेवा, रात्री काही लागलं तर.

मेसेज कधी करायचा? रोजचं गुड मॉर्निंग आणि प्रत्येक सणाचं बॅनर पाठवणारे असतात, त्यांना लोक म्यूट करतात, आणि एकदा म्यूट झालात की कामाचा मेसेज पण गेला. वर्षात तीन-चार पुरे, आणि प्रत्येकात काहीतरी बातमी पाहिजे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचंच घ्या, तिची तारीख कॅलेंडरवर ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ती जाहीर झाली की मालवण पट्ट्यातल्या खोल्या भराभर भरतात. जत्रेवाल्या लेबलला त्याच दिवशी मेसेज जातो, "तारीख आली, तुमची चार नंबरची खोली दोन दिवस धरून ठेवतो, कळवा." यात ऑफर नाही, डिस्काउंट नाही, नुसती वेळेवर दिलेली बातमी आहे, आणि तेवढ्यावर लोक येतात.

शाळेच्या सुट्टीवाल्यांना मेच्या बुकिंगसाठी फेब्रुवारीत, कारण रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्याच्या आधी त्यांचं ठरलेलं पाहिजे. स्कूबावाल्यांना सप्टेंबरात, पावसाळ्यात पाण्यातलं सगळं बंद असतं, ते सुरू झालं की कळवायचं. आणि जून-जुलैत मासेमारी बंदी असते तेव्हा "ताजी सुरमई" असं लिहून कोणाला बोलावू नका, खोटं पडतं, त्यापेक्षा पाऊस, खाडी आणि रिकामा किनारा आवडणाऱ्या पाच-दहा जणांना फोन करा.

परत येणाऱ्याला काय द्यायचं? मोठ्या चेन पॉइंट देतात, १९८३ पासून देतायत, आपण त्या फंदात पडायचं नाही. साइटचं कमिशन वाचलं त्यातले थोडे त्याला द्या, भाडं जरा कमी करा किंवा एक वेळचं मासळीचं जेवण. आणि आवडती खोली. लोकांना खोली नंबर सांगितला की फार बरं वाटतं, का ते मला अजून कळलेलं नाही.

पायरी ८: जे बोलायचं नाही, जे लिहायचं नाही

हे कोणी शिकवत नाही म्हणून नीट वाचा. "परत आलात, बरं वाटलं" हे पाहुणा एकटा असेल तेव्हा म्हणा. सोबत कोणी असेल तर आधी त्यालाच बोलू द्या. मागच्या वेळी तो कोणाबरोबर आला होता हा तुमचा विषय नाही, आणि "मागच्या वेळी मॅडमना सोलकढी आवडली होती" हे वाक्य चुकीच्या मॅडमसमोर गेलं की काय होतं ते मी मुंबईत लॉबीत उभं राहून पाहिलंय. कोण कधी आलं होतं हे फोनवर कोणालाही सांगायचं नाही, अगदी "मी त्यांचा भाऊ बोलतोय" म्हटलं तरी.

पाहुण्याबद्दल शिव्या, टोपणनावं लिहायची नाहीत. आमच्या काउंटरच्या आधीच्या मुलाने शेऱ्यात "कटकट्या" लिहिलं, तो शेरा बिलावर छापून आला. त्यांनी बिल वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि टीप देऊन गेले. टीप!

ओळखपत्राच्या बाबतीत, आधारची मास्क केलेली प्रत मिळते, त्यात शेवटचे चार आकडे दिसतात, कोणी ती दिली तर कुरकुर करू नका. फोटो स्टाफच्या खासगी मोबाईलवर मागवू नका, आणि मागवलेच तर हॉटेलच्या फोनवर, नोंद झाली की डिलीट. आपलं लहान आहे, आपल्याकडे कोण चोरी करणार असं वाटतं, पण २०१८ मध्ये मॅरियट या मोठ्या हॉटेल कंपनीने जाहीर केलं की त्यांच्याच स्टारवुड हॉटेलांच्या बुकिंग सिस्टिममध्ये २०१४ पासून कोणीतरी शिरलेलं होतं आणि त्यात पन्नास लाखांवर पासपोर्ट नंबर तर सरळ उघडे होते. त्यांच्याकडे आयटीवाल्यांची फौज होती, आपल्याकडे पुतण्या आहे. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही.

पायरी ९: सॉफ्टवेअर कधी

जेव्हा एकच खोली दोन साइटवर दोघांना विकली जाते तेव्हा. तो दिवस प्रत्येकाला येतो. मग पीएमएस (खोल्या, बुकिंग, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि चॅनल मॅनेजर (सगळ्या साइटवरच्या रिकाम्या खोल्या एकत्र जुळवून ठेवणारं) घ्या, 'इझी', 'होटेलॉजिक्स' अशा नावांचे बरेच आहेत. डेमोला विचारायचे प्रश्न: पाहुण्याचा जुना शेरा चेक-इनच्या स्क्रीनवर समोर दिसतो का, की चार क्लिक करून आत शोधायला लागतो? तो शेरा बिलावर छापला जातो का? (हसू नका.) माझी सगळी यादी मला एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का, सोडून जाताना पण? मराठी टाइप होतं का? सपोर्टचा फोन रविवारी कोणी उचलतं का? पहिल्या प्रश्नाला "चार क्लिक" उत्तर आलं तर पुढचं ऐकायची गरज नाही.

महिन्याच्या शेवटी तीन आकडे लिहा, एकूण किती बुकिंग, त्यातली डायरेक्ट किती, आणि आधी येऊन गेलेले किती. आलेख वगैरे नको. वर्षभराने मागच्या मेशी हा मे लावून बघा.

आणि हे सगळं सुरू करायची वेळ म्हणजे जून. खोल्या रिकाम्या, पाऊस पडतोय, काम नाही. जुनं रजिस्टर घ्या आणि मागच्या वर्षाची नावं नंबरप्रमाणे शीटमध्ये टाकत बसा, बाजूला मावशींना बसवा, त्यांना नाव आठवत नाही पण "ते, ज्यांच्या मुलाने पोपटाला बिस्किट दिलं" असं बरोबर आठवतं. मी टाकत होतो तेव्हा ठाण्याचा तो नंबर तीनदा आला. फोन केला, म्हटलं काका, तुमचा सोमवार आता स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवलाय. ते म्हणाले, "अहो, मी आता शनिवारपण पाळतो." लिहून घेतलं.